नांदेडची तोंडी परीक्षा आणि लातूरची हुग्गी

निघताना माझ्या पिशवीत कपडे कमी आणि चिठ्ठ्या जास्त होत्या. मी पुण्यात विद्यापीठात फ्रेंच भाषा आणि संस्कृती शिकवते. वर्षातून दोन-तीनदा बाहेरगावी तोंडी परीक्षा घ्यायला जावं लागतं, तेव्हा परीक्षार्थ्यांनी उचलायच्या चिठ्ठ्या माझ्याच हातच्या असतात. या वेळी नांदेडचं बोलावणं आलं. "नांदेडला फ्रेंच?" असं विभागातल्या दोघांनी विचारलं आणि मी त्यांना चांगलंच झापलं. मनातल्या मनात मीही तेच विचारलं होतं, हे इथेच कबूल करून टाकते.

नांदेड, पहिला दिवस

गाडी दीड तास उशिरा पोचली. स्टेशनाबाहेर कदम सर स्कूटर घेऊन उभे होते. हे मूळचे हदगावचे, घरी कापूस आणि सोयाबीन. तरुणपणी हैदराबादला जाऊन फ्रेंच शिकले, आणि आता नांदेडच्या विद्यापीठातला फ्रेंच पदविकेचा वर्ग ते एकट्याने ओढतात. वर्गात अकरा जण.

"गाडीनं लई ताटकळवलं म्याडम," ते म्हणाले. "चला, आधी सुशीला खाऊ, मग परीक्षा."

सुशीला म्हणजे भिजवलेले चुरमुरे पोह्यांसारखे फोडणीला टाकून, वर शेंगदाण्याचा कूट. आमच्याकडे चुरमुरे म्हटले की भेळ, त्यापलीकडे त्यांना काही भवितव्य नाही. मी एक बशी चाटूनपुसून संपवली आणि सभ्यपणे "पुरे" म्हटलं. कदम सरांनी हात वर करून दुसरी बशी मागवली. मला वाटलं, रस्त्यावरच्या गोंगाटात त्यांना ऐकू गेलं नसेल. ऐकू गेलं होतं, फक्त पहिलंच "पुरे" असल्यामुळे ते धरलं नव्हतं, हे मला दोन दिवसांनी कळलं.

वर्गाची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. भिंतीवर बियाण्यांच्या कंपन्यांची जुनी कॅलेंडरं पालथी करून जोडली होती आणि त्यावर विद्यार्थ्यांनी फ्रान्सचा नकाशा काढला होता. तिथल्या सगळ्यात लांब नदीशेजारी, त्याच मापात, गोदावरीही काढली होती. ती दीडपट लांब भरली. खाली बारीक अक्षरात कोणीतरी लिहिलं होतं: "आपली मोठी."

परीक्षार्थी एकेक येऊ लागले. मुदखेडचे एक निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांना फ्रेंचमधून काही मिळवायचं नव्हतं. "डोकं गंजू नये म्हनून," एवढंच ते म्हणाले, पण क्रियापदं त्यांनी पाढ्यांसारखी खणखणीत म्हटली. टायरच्या दुकानात काम करणारा एक तरुण पॅरिसच्या मेट्रोची स्टेशनं ओळीने सांगू शकत होता. मी गुण द्यायला कडक आहे, तशी माझी ख्याती आहे आणि मला ती आवडते. तरीही दुपारपर्यंत माझी पेन्सिल बरीच सैल पडली होती.

सातवी आली महानंदा. चोविशीची, लातूरची, नांदेडला वसतिगृहात राहणारी. तिने फ्रेंचमध्ये स्वतःची ओळख करून दिली, आणि मी कागदावरून डोकं वर काढलं. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. पुढे काय, असा घरात घोर लागला असताना तिने या वर्गाची जाहिरात पाहिली. आता फ्रान्समधल्या एका विद्यापीठात भाषा आणि संस्कृती शिकायला तिला वर्षभरासाठी जागा मिळाली होती. पत्रही आलं होतं. अट एकच, ही पदविका पार पडायला हवी. लेखीत तर ती पहिली आली होती. उरली होती ही तोंडी. एवढं सगळं तिने सांगितलं आणि एकही चूक केली नाही.

मग तिने चिठ्ठी उचलली. तिच्यावर लिहिलं होतं: तुम्ही यजमान आहात. पाहुण्याला गोड पदार्थाचा आग्रह न करता विचारा. पाहुणा नको म्हणेल. जेवण संपवा.

पाहुणी अर्थात मी.

"थोडं गोड घ्याल?" तिने सुंदर फ्रेंचमध्ये विचारलं.

"मेर्सी, नको," मी आभार मानून म्हटलं. इथे तिने मान डोलवायची, कॉफीचं विचारायचं आणि उठायचं. चिठ्ठी संपली.

"एकच चमचा," ती म्हणाली.

"नको. पोट भरलं."

"तुम्ही एवढ्या लांबून आलात. आईने केलंय."

"छान झालंय. पण खरंच नको."

"मग अर्धा. अर्ध्याने काय होतं? का रागावलात आमच्यावर?"

सात वेळा. मी मोजलं. सातव्यांदा तिने टेबलावरचं डस्टर पळीसारखं उचललं आणि माझ्या गुणपत्रिकेवर काहीतरी वाढलं. कदम सर खिडकीबाहेर पाहू लागले. महानंदाने डस्टर खाली ठेवलं, आणि आपण काय केलं ते तिच्या चेहऱ्यावर उतरलं.

आता मला स्वतःविषयी थोडं सांगायला हवं. त्या चिठ्ठीमागे माझीच एक गोष्ट आहे. पंचवीस वर्षांपूर्वी मी फ्रान्सच्या उत्तरेकडच्या एका लहान शहरात शिकायला गेले. पहिल्याच रविवारी घरमालकीणबाईंनी जेवायला बोलावलं. शेवटी सफरचंदाचा टार्ट आला, पातळ काप एकावर एक मांडलेला, कडा लालसर भाजलेला. आईने शिकवलं होतं, समोर आलं की लगेच हात पुढे करायचा नाही, आधी नको म्हणायचं. मी नको म्हटलं. बाई प्रेमाने हसल्या, टार्टवर स्वच्छ फडकं टाकलं आणि तो कपाटात ठेवून दिला. मी कपाटाच्या दाराकडे बघत बसले. पुढे बऱ्याच महिन्यांनी मला उमगलं की हा तुसडेपणा नव्हता. तुम्ही जे बोलता ते खरं मानायचं, ही त्यांची आदर दाखवण्याची रीत. हे शिकायला मला जो टार्ट खर्ची पडला तो माझ्या विद्यार्थ्यांना पडू नये, म्हणून मी ही चिठ्ठी बनवली आणि गुणपत्रिकेत "सांस्कृतिक औचित्य" असा दहा गुणांचा रकाना घातला. त्यात चारच्या खाली गेलं की सगळी तोंडी नापास, हा नियमही मीच सुचवलेला.

मी दोन लिहिले.

"भाषा?" कदम सरांनी विचारलं.

"आतापर्यंत सगळ्यात चांगली."

"आन् तरी दोन."

"सर, ती तिकडे जाऊन कोणाच्या ताटात डस्टरने वाढणार आहे का?"

"न्हाई म्याडम, मी कायच म्हनून न्हाई राहिलो," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली. त्यांनी भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

नापास झालेल्याला दुसऱ्या दिवशी एकदाच, त्याच चिठ्ठीवर, पुन्हा बसता येतं. मी महानंदाला व्हरांड्यात बोलावून तसं सांगितलं. तिला रकान्याचा अर्थ समजावू लागले तर ती म्हणाली, "मॅडम, नियम मला पाठ आहे. लेखीत त्याच्यावर दोन पानं लिहिलीत मी. पण तुम्ही नको म्हणालात अन् माझा हात थांबलाच न्हाई."

"का?"

"घरची सवय," ती म्हणाली.

संध्याकाळी कदम सर मला गुरुद्वाऱ्यात घेऊन गेले. संगमरवर दिवसभर तापून आता कोमट झाला होता. लंगरमध्ये ओळीत बसलो. पोळी वाढणारे आजोबा आले तेव्हा मी एक हात पुढे केला. ते थांबून राहिले. "दोनी हात म्याडम," कदम सर कुजबुजले. मी ओंजळ केली, तेव्हा पोळी पडली. तिथे आग्रह कोणी करत नाही, नको म्हटलं की पुढे जातात. पण दोन मिनिटांनी तेच आजोबा पुन्हा येतात, आणि पुन्हा. मी त्या रात्री तीन पोळ्या खाल्ल्या आणि सारखी त्या दोन गुणांचा विचार करत राहिले.

नांदेड, दुसरा दिवस

सकाळी कदम सरांनी चहा आणला आणि माझ्याच कोपराने तो चिठ्ठ्यांवर सांडला. आम्ही दोघांनी त्या खिडकीत ओळीने वाळत घातल्या. पोस्टमास्तर मुद्दाम मुदखेडहून परत आले होते, महानंदाला धीर द्यायला. त्यांनी त्या चिठ्ठ्या कागदाने वारा घालून सुकवल्या आणि एकीवरही काय लिहिलंय ते वाचलं नाही. सचोटी म्हणजे काय ते अशा वेळी दिसतं.

महानंदा आली. तिच्या वसतिगृहातल्या मैत्रिणींनी तिला तालीम दिली होती म्हणे. एकीने पाहुणी व्हायचं आणि दुसरीने हिचा हात धरून ठेवायचा.

"थोडं गोड घ्याल?"

"मेर्सी, नको."

तिचे दोन्ही हात मांडीवर होते. बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली. "जशी आपली इच्छा," ती म्हणाली. "कॉफी घ्याल?" आवाज स्वच्छ, उच्चार अचूक, आणि डोळे काठोकाठ भरलेले.

मी नऊ लिहिले. ती उत्तीर्ण झाली, फ्रान्सला जाणार हे ठरलं. व्हरांड्यात टायरवाल्या तरुणाने शिट्टी मारली, पोस्टमास्तरांनी खिशातून पेढे काढले. मलाही आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण मुलीच्या हातातून मी काहीतरी काढून घेतलंय असं वाटत राहिलं, आणि ते काय ते सांगता येईना.

गुणपत्रिका पाकिटात घातल्या, लाख लावली, कार्यालयात पोचवल्या. ते झाल्यावरच महानंदा जवळ आली. "मॅडम, तुमची परतीची गाडी लातूरहून आहे ना? उद्या मीपण घरी चाललेय. आता पाकीट बंद झालंय. आता जेवायला यायला काय हरकत?"

हरकत काहीच नव्हती.

लातूर, तिसरा दिवस

एसटीने निघालो. लोहा मागे पडलं, मग काळ्या रानांचा मोठा पट्टा लागला. काही ठिकाणी ज्वारी उभी होती, काही ठिकाणी हरभरा उपटून चालला होता. अहमदपूरच्या अलीकडे एक आजी चढल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. त्यांच्या मांडीवर हिरव्या हरभऱ्याची जुडी होती. इकडे त्याला ढाळे म्हणतात. त्यांनी एक मूठ माझ्यापुढे धरली. मी नको म्हणायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात ढाळे माझ्या मांडीवर आलेसुद्धा. महानंदा खिडकीकडे तोंड करून हसली. मग आम्ही तिघी अहमदपूरपर्यंत घाटे सोलत राहिलो आणि माझी सुती साडी हिरवीगार झाली.

लातुरात शिरताना सगळीकडे मुलामुलींचे फोटो दिसतात. वैद्यकीयला लागलेले, अभियांत्रिकीला लागलेले, चौकाचौकात, खांबाखांबावर, प्रत्येकाच्या खाली गुण. महानंदा त्या फलकांकडे बघत नव्हती. "दोन वर्षं मी ह्या रस्त्यानं मान खाली घालूनच चालले," ती म्हणाली. "आता सवय झालीय."

तिच्या घरी पोचल्यावर मला "घरची सवय" या दोन शब्दांचा अर्थ लागला. तिच्या आईची मेस आहे. शिकवणीसाठी गावोगावहून आलेल्या चाळीस मुली दोन वेळा तिथे जेवतात. वडील गेल्यावर आईने ती सुरू केली. घराणं निलंग्याकडचं लिंगायत, घरात अर्धी कानडी, म्हणून महानंदा आईला अव्वा म्हणते. मुली मावशी म्हणतात. नाव नागरबाई. बुटक्या, कपाळावर विभूतीच्या आडव्या रेघा, हातात पळी.

आमची पानं मुलींच्या पंगतीतच मांडली होती. भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची आमटी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. आणि वाटीत हुग्गी. कांडून कोंडा काढलेला गहू गुळात शिजवलेला, वेलची, खोबरं, वर तुपाची धार. आमच्याकडे गव्हाची खीर होते, पण ती वाटीत वाहते. ही चमच्याने उचलावी लागते, आणि दाताखाली एकेक गहू येतो. मी वाटी संपवली. नागरबाई पळी घेऊन आल्या.

"नको, खूप झालं," मी म्हटलं.

"आवं, काय झालं म्हणायलाव? चिमणीएवढं तर खाल्लंय."

"अव्वा," महानंदा म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्या नको म्हणल्या."

पळी तशीच हवेत थांबली. नागरबाईंनी लेकीकडे असं पाहिलं, जणू तिने परक्याच्या भाषेत काही सांगितलं. आणि महानंदा माझ्याकडे बघत होती. हात मांडीवर, बोटं अडकवलेली. बरोबर केलं ना, मॅडम?

"एकदाच तर म्हणल्या," नागरबाई म्हणाल्या.

"तिकडं एकदाच म्हणतात."

नागरबाई खाली बसल्या. पळी पातेल्यात ठेवली. "म्याडम, तुमी शिकवलं ते बरोबरच आसंल," त्या म्हणाल्या. "मी आडानी. पर एक सांगते. मेस चालू केली त्या साली भोकरची एक पोरगी आलती. सोळा वर्सांची. ताटावर बसायची आन् म्हणायची, नको मावशी, पोट भरलंय. मला वाटलं, भरलं आसंल. पोरीचं ऐकावं. एक दिस, दोन दिस, तीन दिस. चौथ्या दिशी शिकवणीत चक्कर येऊन पडली. घरची सय येऊन घास उतरत नव्हता लेकराला. बाप आला, घेऊन गेला. परत न्हाई आली ती. शिक्षान गेलं." त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही. पळीचा दांडा पुसला. "तिनं नको म्हणलं आन् मी ऐकलं. तवापासून हितं तीनदा इचारल्याबिगर कुनाचं नको मोजत न्हाईत. हिनं ते ल्हानपनापासनं बघितलंय."

मला फ्रेंच संस्कृतीवरची माझी सगळी व्याख्यानं आठवली, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. त्या घरमालकीणबाईंनी माझ्या शब्दाचा मान राखला होता. नागरबाई शब्दाच्या मागे कोण बसलंय ते बघत होत्या. मी एका रकान्यात नागरबाईंच्या त्या बघण्याला दोन गुण दिले होते.

मग मी त्यांना टार्टची गोष्ट सांगितली. कापांची मांडणी, लालसर कड, फडकं, कपाट. मुली हात वाळवत ऐकत राहिल्या.

"मग परत कुनी इचारलंच न्हाई?" नागरबाईंनी विचारलं.

"नाही."

"तुमाला पायजे व्हता?"

"फार."

"किती वर्सं झाली?"

"पंचवीस."

"आगं माय," त्या म्हणाल्या, उठल्या, आणि पातेलं जवळ ओढलं. "घ्या मग."

वाटी भरली, वर तूप आलं. मी नको म्हटलं नाही. महानंदाची बोटं सुटली आणि तिने आपण होऊन आणखी एक चमचा वर घातला.

निघताना मी तिला एकच सांगितलं. "तिथल्या लोकांनी नको म्हटलं तर मान डोलव. आणि तुला भूक असेल तर पहिल्याच खेपेला हो म्हण. तिथे तुझी अव्वा नाही." ती पाया पडायला वाकली. नागरबाईंनी माझ्या पिशवीत येसराची पुडी कोंबली. मी नको म्हटलं. पण दोनदाच म्हटलं.

पुणे, बऱ्याच महिन्यांनी

हे लिहायला बसले तोवर महानंदाला तिकडे जाऊन दोन महिने झालेत. वर्ग कसे चालतात, पावसाळी हवा, ज्वारीचं पीठ मिळत नाही, असं ती अधूनमधून कळवते. गेल्या आठवड्यात जरा मोठा मजकूर आला.

तिच्या वसतिगृहात सामाईक स्वयंपाकघर आहे. कुठल्याशा दूरच्या देशातून नवी आलेली एक मुलगी रोज तिथे येते, पाण्याची बाटली भरते आणि खोलीत निघून जाते. महानंदाने पिठलं-भात केला होता. विचारलं, खाणार? मुलगी म्हणाली, मेर्सी, नको. महानंदाने मान डोलवली, अगदी शिकवल्यासारखी. मुलगी दारापर्यंत गेली. महानंदाने पुन्हा विचारलं. पुन्हा नको. बाकीचे तिच्याकडे बघू लागले.

"तिसऱ्यांदा विचारलं, मॅडम," तिने लिहिलं होतं. "ती बसली. दोन वाट्या भात खाल्ला अन् मग रडायली. आता रोज माझ्यासंगंच जेवते. पण परीक्षेत ह्याचे किती गुण मिळाले असते?"

मी खरं तेच कळवलं. दहापैकी दोन.

मग या वर्षीच्या चिठ्ठ्या काढल्या आणि ती चिठ्ठी शोधली. चहाचा डाग अजून तिच्यावर आहे. चिठ्ठी मी तशीच ठेवली, कारण ती खोटी नाही. गुणपत्रिकेचा नमुना मात्र काढून, चारच्या खाली गेलं की सगळी तोंडी नापास, ही माझी ओळ खोडून टाकली.